जुन्या संगणकावर ओपीएनसेन्स फायरवॉल: उभारणी आणि बिघाडाचा शोध

इंटरनेट कंपनीने दिलेला राउटर साध्या वापराला पुरतो. पण पाहुण्यांचे जाळे वेगळे ठेवायचे असेल किंवा सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना परस्पर बाहेर बोलू द्यायचे नसेल, तर त्याच्या मर्यादा लगेच जाणवतात. अशा वेळी ओपीएनसेन्स ही मुक्तस्रोत फायरवॉल प्रणाली, म्हणजे येणारी-जाणारी माहिती नियमांनुसार सोडणारी किंवा अडवणारी प्रणाली, उपयोगी पडते. फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीवर आधारलेली ही प्रणाली जानेवारी २०१५ मध्ये पीएफसेन्स या जुन्या फायरवॉल प्रणालीपासून वेगळी झाली. तिच्या मोठ्या आवृत्त्या दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये निघतात.

यंत्र ६४ बिटांचे, इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरचे असावे. २ जीबी रॅमवर काम सुरू होते, पण घुसखोरी ओळखणारी सुरिकाटासारखी सोय चालवायची असेल तर ८ जीबी ठेवावी. नेटवर्क पोर्ट दोन हवेत आणि शक्यतो इंटेलचे हवेत. रिअलटेकची स्वस्त कार्डे चालतात, मात्र भार वाढला की त्यांतली काही अडखळतात. ओपीएनसेन्सच्या संकेतस्थळावरील प्रतिमांपैकी (पेनड्राइव्हवर चढवायच्या स्थापनेच्या फायलींपैकी) मॉनिटर जोडलेल्या संगणकासाठी ‘व्हीजीए’ ही प्रतिमा उतरवावी. चुकून ‘सीरियल’ प्रतिमा घेतली तर सगळा मजकूर सीरियल पोर्टवर जातो आणि पडद्यावर काहीच हालत नसल्यामुळे यंत्र बंद पडल्याचा भास होतो.

पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर ‘इन्स्टॉलर’ या नावाने आणि ‘ओपीएनसेन्स’ या पासवर्डाने प्रवेश केला की स्थापना सुरू होते. फाइल प्रणाली निवडताना झेडएफएस घ्यावी. ज्या गावात वीज सांगून जात नाही तिथे हा निर्णय फार मोलाचा आहे, कारण अचानक वीज गेल्यावर जुनी यूएफएस झेडएफएसच्या मानाने लवकर बिघडते.

कोणता पोर्ट कोणता, हे अंदाजाने ठरवू नये. एक केबल उपसावी. कन्सोलवर, म्हणजे फायरवॉलला जोडलेल्या पडद्यावर, लगेच ‘लिंक डाउन’ झाल्याची ओळ उमटते आणि तिच्या आरंभी त्या पोर्टाचे नाव असते. ते नाव चिकटपट्टीवर लिहून पोर्टाशेजारी लावावे. सहा महिन्यांनी आपणच आपले आभार मानतो. त्यानंतर कन्सोलच्या १ क्रमांकाच्या पर्यायातून वॅन (इंटरनेटची बाजू) आणि लॅन (घरातली बाजू) नेमून द्यावेत.

यापुढची पायरी वगळली की सर्वाधिक मनस्ताप होतो. ओपीएनसेन्सच्या लॅनचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१ असतो, आणि इंटरनेट कंपनीच्या पुष्कळ फायबर डब्यांचा पत्ताही नेमका तोच असतो. दोन्ही बाजूंना एकच पत्तामालिका आली की बाहेरच्या गेटवेकडे (इथे कंपनीच्या डब्याकडे) पाठवायचे पॅकेट फायरवॉल स्वतःलाच उद्देशून आहे असे समजते. मी स्वतः पहिल्या उभारणीत एक अख्खी संध्याकाळ नियम उलटसुलट करण्यात घालवली. गेटवेला केलेल्या पिंगला (पलीकडचे यंत्र जागे आहे का ते पाहणाऱ्या हाकेला) उत्तर येत होते, म्हणून तिकडे शंकाच गेली नाही. उत्तर देणारी फायरवॉलच होती! म्हणून कन्सोलच्या २ क्रमांकाच्या पर्यायातून लॅनचा पत्ता आधीच १९२.१६८.५०.१ असा बदलावा, डीएचसीपीची (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीची) मर्यादा १०० ते २०० ठेवावी आणि लॅपटॉपची केबल काढून पुन्हा लावावी, म्हणजे त्याला नवा पत्ता मिळेल. ब्राउझरमध्ये हा पत्ता उघडल्यावर प्रमाणपत्राची सूचना येते. प्रमाणपत्र फायरवॉलने स्वतःच बनवलेले असल्यामुळे ती अपेक्षितच आहे. आत गेल्यावर पहिल्यांदा पासवर्ड बदलावा.

कंपनीने डबा ब्रिज मोडवर (राउटरचे काम न करता नुसता दुवा म्हणून) टाकून दिला, तर पीपीपीओई या लॉगिन करून जोडण्याच्या पद्धतीचे नाव-पासवर्ड आणि लागत असल्यास व्हीलॅन क्रमांक मागून घ्यावा. या जोडणीत प्रत्येक पॅकेटमागे ८ बाइट खर्च होतात आणि १५०० ऐवजी १४९२ उरतात. काही संकेतस्थळे झटकन उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात, असे दिसले तर संशय इथेच घ्यावा. ‘तुकडे करू नये’ हा पर्याय लावून १४६४ बाइटांचा पिंग करावा. २८ बाइटांच्या मथळ्यासह त्याचे बरोबर १४९२ होतात. तो जात नसेल तर आकडा कमी करत जावा आणि जाणाऱ्या आकड्यात २८ मिळवून येणाऱ्या बेरजेइतका वॅनचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) ठेवावा.

जुना वाय-फाय राउटर फेकू नये. त्याचा डीएचसीपी बंद करून, पत्ता १९२.१६८.५०.२ करून, केबल त्याच्या लॅन पोर्टात लावली की तो निव्वळ ॲक्सेस पॉइंट (फक्त वाय-फाय पुरवणारा डबा) होतो.

नियमांबाबत दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. पॅकेट ज्या इंटरफेसमधून (वॅन, लॅन यांसारख्या जोडणीतून) फायरवॉलमध्ये शिरते त्याच इंटरफेसचे नियम त्याला लागतात, आणि सामान्य मांडणीत वरून खाली पाहताना जो नियम पहिल्यांदा जुळतो तोच अमलात येतो. लॅनवर ‘सर्व जाऊ दे’ हा नियम आयता मिळतो, पण पाहुण्यांसाठी नवा इंटरफेस केला की त्यावर एकही नियम नसतो आणि सगळे अडते. तिथे आधी डीएनएसपुरती (नावांवरून पत्ते शोधण्यापुरती) परवानगी, मग लॅनकडे आणि खुद्द फायरवॉलकडे जाण्यास बंदी, आणि शेवटी बाकी सर्वांना परवानगी, असा क्रम ठेवावा. बंदीचा नियम लिहूनही कॅमेरा बाहेर बोलतच राहिला तर नियम चुकला असे लगेच समजू नये. आधीच उघडलेली जोडणी स्टेट तक्त्यात नोंदलेली असते आणि ती जुन्या परवानगीवर चालू राहते. निदानाच्या विभागात जाऊन त्या नोंदी पुसल्या की नियम लागू होतो.

इंटरनेट चालत नसल्यास क्रम सोडू नये आणि एका वेळी एकच बदल करावा. वॅनला पत्ता मिळाला आहे का ते पाहावे, मग फायरवॉलवरूनच गेटवेला आणि त्यानंतर इंटरनेटवरील ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करावा. आकड्यांना उत्तर येते पण नावे उघडत नाहीत, तर दोष डीएनएसचा आहे. जुन्या डेस्कटॉपमध्ये यामागे एक गमतीदार कारण निघते. मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी संपलेली असते, घड्याळ काही वर्षे मागे जाते, आणि डीएनएसएसईसी (डीएनएसची उत्तरे डिजिटल सह्यांनी पडताळण्याची सोय) चालू असेल तर अनबाउंडला, म्हणजे फायरवॉलमधल्या डीएनएस सेवेला, सह्यांच्या तारखा जुळेनाशा होतात. वेळ दुरुस्त करायला वेळेच्या सर्व्हरचे नाव शोधावे लागते, आणि नाव शोधायला वेळ बरोबर लागते. बायोसमध्ये तारीख घालावी आणि सीआर २०३२ ही बॅटरी बदलावी, म्हणजे हा फेरा सुटतो.

नावेही सापडत असतील आणि एखादीच सेवा अडत असेल, तर फायरवॉलच्या नोंदींमधील ‘लाइव्ह व्ह्यू’ उघडून त्या यंत्राच्या पत्त्याने गाळणी लावावी. लाल ओळीत अडवणाऱ्या नियमाचे नाव दिसते. तिथे लाल काहीच नसेल तर फायरवॉल बहुधा निर्दोष आहे.

प्रत्येक अपडेटपूर्वी मांडणीची एक्सएमएल फाइल उतरवून दुसऱ्या यंत्रावर ठेवावी. नियम लिहिताना स्वतःलाच बाहेर कोंडून घेतले तरी घाबरू नये. मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून कन्सोलच्या १३ क्रमांकाच्या पर्यायातून आधीची मांडणी परत आणता येते.