गाडीची बॅटरी बसली तेव्हा जंप स्टार्ट (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली गाडी चालू करणं) कसं केलं (माझा अनुभव)

नाशिकला थंडीत सकाळी गाडी चालूच होईना, चावी फिरवली की नुसतं टकटक आणि डॅशबोर्डचे दिवे एकदम मंद, अशा वेळी पहिला संशय बॅटरीवरच घ्यायचा. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावला तर 11.7 व्होल्ट, फुल चार्ज असेल तर 12.6 च्या आसपास दाखवते. बॅटरीच्या टर्मिनलवर (वायर जोडायच्या टोकांवर) पांढरट-हिरवट थर साचला होता तो साफ केला, क्लॅम्प घट्ट केला, तरी तेच.

मग शेजारच्या काकांना म्हटलं, काका तुमची गाडी जरा जवळ घेता का. दोन्ही बॅटऱ्या 12 व्होल्टच्याच ना ते बघितलं, गाड्या एकमेकींना टेकू दिल्या नाहीत आणि दोन्ही बंद ठेवल्या. लाल केबल आधी माझ्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं टोक काकांच्या प्लसला, काळी काकांच्या मायनसला आणि शेवटचं टोक माझ्या बॅटरीला अजिबात नाही, इंजिनच्या उघड्या धातूच्या बोल्टला, बॅटरीपासून लांब. हे खरंच पाळा कारण शेवटचं टोक लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असू शकतो, भडका उडाला तर ॲसिड थेट तोंडावर. बॅटरी फुगलेली किंवा गळत असेल तर हे करायचंच नाही, मेकॅनिकला बोलवा.

काकांची गाडी थोडा वेळ चालू ठेवली मग माझी लागली. केबल उलट क्रमाने काढल्या, बोल्टवरची काळी आधी. इंजिन चालू असताना 14.2 व्होल्ट आले म्हणजे अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) ठीक, बॅटरीच म्हातारी झालेली, नवीन टाकून घेतली.