स्की लावलेल्या छोट्या विमानाने आडरानातली पट्टी: उतरायच्या आधी निघायचं बघा

अलास्कात हिवाळ्यात सुपर कब किंवा सेसना 185 सारख्या छोट्या विमानाला स्की (बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या) लावून आडरानातल्या खासगी धावपट्टीवर जायचं म्हटलं की सगळे आधी लँडिंगचंच विचारतात. लँडिंग त्यातल्या त्यात सोपं हो, विमान अडकतं ते निघताना. साध्या स्कीला ब्रेक नसतो आणि थांबलेली स्की गोठते, या दोन गोष्टी डोक्यात पक्क्या बसल्या की बाकीचं बरंचसं आपोआप कळत जातं. अमेरिकेत स्कीसाठी वेगळं रेटिंग (पायलटच्या लायसन्सवरची जादा नोंद) लागत नाही, पण म्हणून एकट्याने शिकायला जाऊ नका, स्कीवर मुरलेला इन्स्ट्रक्टर सोबत घ्याच.

आदल्या दिवशी पट्टीच्या मालकाला फोन करा. परवानगी तर हवीच, पण खरं विचारायचं ते बर्फाचं, म्हणजे किती खोल आहे, भुसभुशीत आहे की वर कडक पापुद्रा धरलाय, स्नोमशीनचे (बर्फावर चालणाऱ्या गाडीचे) चर कुठे आहेत, झुडपांचे बुंधे कुठे गाडले गेलेत. ऊन चढलं की बर्फ ओला होऊन स्कीला धरून ठेवतो आणि टेकऑफ भलताच लांबतो, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये मी सकाळीच काम उरकतो.

कडाक्याच्या थंडीत इंजिन प्रीहीट, म्हणजे बाहेरून आधी गरम, केल्याशिवाय स्टार्टरला हात लावायचा नाही, आणि नुसते सिलिंडर नाही तर खालचं तेलसुद्धा गरम झालं पाहिजे. पंखावरचं हिम पातळ, सँडपेपरसारखं असलं तरी पूर्ण काढा. ब्रीदरची (इंजिनमधली वाफ बाहेर सोडणारी) नळी बघायला बरेच जण विसरतात, तिच्यात ती वाफ गोठून तोंड बंद झालं की आत दाब वाढतो, क्रँकशाफ्टचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) पुढचं सील निसटतं आणि तेल बाहेर. मग स्कीकडे या. पुढचं बंजी (ताणलेली रबरी दोरी) स्कीचं नाक वर धरतं, ते तुटलं तर सेफ्टी केबल नाक खाली पडू देत नाही, मागची चेक केबल नाक जास्त वर जाऊ देत नाही. तिन्ही हाताने ओढून बघा, नुसतं लांबून नको.

स्की चिकटली असेल तर इंजिन बंद असतानाच स्ट्रट (पंखाला आधार देणारा तिरका दांडा) धरून विमान डोलवा, शेपटी डावी-उजवी करा, मोकळी झालेली कळते. प्रोपेलर फिरत असताना कोणालाही ढकलायला उभं करू नका, कितीही घाई असली तरी.

बर्फ खोल असेल तर त्याच रेषेत दोन-तीन वेळा टॅक्सी करून पट्टी तुडवा आणि थोडा वेळ तशीच सोडा, तुडवलेला बर्फ बसून घट्ट होतो. अर्ध्या अंतरावर झाडाची फांदी रोवून ठेवा. तिथपर्यंत टेकऑफच्या स्पीडच्या 70 टक्के आले नाहीत तर लगेच थ्रॉटल (इंजिनची पॉवर) बंद, कारण पुढे ब्रेक मारायची सोयच नाही. सुरुवातीला स्टिक (विमानाचं नाक वर-खाली करायचा दांडा) पोटाशी, स्की बर्फावर तरंगायला लागली की हळूच सैल सोडायची.

आता पलीकडे उतरताना. ढगाळ दिवशी बर्फ आणि आकाश एकच पांढरं दिसतं, उंचीचा अंदाजच येत नाही, तेव्हा बाजूला झाडांची रांग असेल तरच उतरा नाहीतर परत फिरा. गोठलेल्या तळ्यावर उतरणार असाल तर ओव्हरफ्लोची भीती, म्हणजे वर पडलेल्या बर्फाच्या वजनाने आइस (तळ्याचा गोठलेला थर) दबून पाणी वर येतं आणि बर्फाखाली लपून बसतं. यावर उपाय म्हणजे पॉवर ठेवूनच स्की नुसती टेकवायची, थोडं अंतर ओढत न्यायची, वर उठायचं आणि एक चक्कर मारून स्कीच्या चाकोऱ्या बघायच्या. पांढऱ्या राहिल्या तर ठीक, बघता बघता करड्या-काळ्या पडल्या तर खाली पाणी आहे, तिथे थांबलात तर स्कीवर चिखलासारखा बर्फ गोठणार आणि तुम्ही तिथेच.

टेकल्यावर सरळ जाऊन थांबू नका. पॉवर आणि रडर (शेपटीचं सुकाणू) वापरून वेग आहे तोवरच मोठा यू-टर्न घ्या आणि नाक निघायच्या दिशेला करून आपल्याच चाकोरीत या. घर्षणाने स्कीखालचा बर्फ जरासा वितळतो आणि विमान थांबलं की तोच गोठून बसतो, त्यामुळे थांबायच्या जागी फांद्या किंवा फळ्या टाकून स्की त्यांच्यावरच चढवा. लगेच पंखांवर कव्हर, इंजिनवर ब्लँकेट.

प्रत्येक माणसामागे आठवड्याचं खाणं, कुऱ्हाड, फर्स्ट एड, काडेपेटी, सिग्नलची दोन साधनं विमानात हवीत आणि हिवाळ्यात स्नोशू (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाला लावायच्या रुंद जाळ्या) आणि स्लीपिंग बॅगही. काडेपेटी बॅगेत नको, अंगावरच्या खिशात ठेवा. आणि स्नोशू सामानाच्या तळाशी टाकू नका, विमान रुतलं की सगळ्यात आधी तेच लागतात, कारण ती पट्टी मग पायांनीच तुडवायची असते.