सार्वजनिक ग्रंथालयातील सेवकांसाठी: प्रशिक्षणाच्या संधी कशा शोधाव्यात आणि कशा निवडाव्यात

महाराष्ट्रातील शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांत काम करणाऱ्या सेवकांचे वेतन संस्थेला मिळणाऱ्या अनुदानातून भागवले जाते. त्यामुळे एखादा अभ्यासक्रम पूर्ण केला म्हणून पुढच्या महिन्यापासून हातात अधिक रक्कम पडेल, अशी आशा बहुतेकांना ठेवता येत नाही. ही वस्तुस्थिती आधी मान्य केली, तर प्रशिक्षणाची निवड पुष्कळ सोपी होते. समोर आलेली संधी दोन कसोट्यांवर तपासावी. या शिक्षणामुळे आपल्या ग्रंथालयातील रोजचे एखादे काम कमी वेळात किंवा अधिक नीट होईल काय, ही पहिली. आणि उद्या ही नोकरी सोडण्याची वेळ आली तर हे शिक्षण दुसरीकडे उपयोगी पडेल काय, ही दुसरी. दोहोंपैकी एकही उत्तर होकारार्थी नसेल, तर ती संधी खुशाल सोडून द्यावी. करोनाच्या काळात वेबिनार आणि प्रश्नमंजूषा यांची जी लाट आली, तिच्यातून अनेकांच्या फायलीत ई-प्रमाणपत्रांचा गठ्ठा जमला. पण त्या गठ्ठ्याने देवघेवीच्या टेबलावरील रांग कमी झाल्याचे कोठे दिसले नाही.

प्रथम आपली जागा निश्चित करावी

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा आहे, आणि त्याची अंमलबजावणी उच्च व तंत्र शिक्षण विभागाच्या अखत्यारीतील ग्रंथालय संचालनालय करते. आपले ग्रंथालय जिल्हा, तालुका की इतर या गटात मोडते आणि त्याचा दर्जा ‘अ’, ‘ब’, ‘क’ की ‘ड’ आहे, यावर कोणती पदे मान्य होतात आणि त्या पदांना कोणती पात्रता लागते, हे अवलंबून असते. म्हणून प्रवेश-अर्ज भरण्यापूर्वी संस्थेच्या मान्यतेचे पत्र आणि मागील तपासणी अहवाल काढून वाचावा. तपासणी अधिकाऱ्यांनी मारलेले शेरे हे प्रशिक्षणाच्या गरजांची सर्वांत विश्वसनीय यादी असतात, असे माझे मत आहे. दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक ग्रंथाची क्रमवार नोंद) अपूर्ण असणे, तालिका (ग्रंथांची सूची) नसणे, ग्रंथ पडताळणी वेळेवर न होणे, बाद ग्रंथांची नोंद नसणे, असे शेरे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा येत असतील, तर शिकण्याचा विषय बाहेर शोधण्याचे कारण नाही.

गोव्यातील आणि बेळगाव परिसरातील मराठी ग्रंथालयांच्या सेवकांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गोव्याचा ग्रंथालय कायदा १९९३ सालचा आणि कर्नाटकाचा १९६५ सालचा आहे. महाराष्ट्रातील परिपत्रके मराठीत असल्यामुळे मोबाइलवरून सीमा ओलांडून सहज पोहोचतात, पण ती तेथे लागू होत नाहीत.

बातमी मिळवणे आणि ती पडताळणे

प्रशिक्षण वर्ग, परीक्षा, अनुदानाचे नियम आणि पुरस्कार यांविषयीची माहिती आज प्रामुख्याने व्हॉट्सअॅपच्या गटांतून फिरते. हे साधन सोयीचे असले, तरी त्याच्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे, कारण तेथे तीन वर्षांपूर्वीचे परिपत्रक आजचे म्हणून येते आणि एखाद्या संघटनेने केलेली मागणी मान्य झालेला निर्णय म्हणून पसरते. त्यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे मूळ कागद पाहणे. शासन निर्णय असल्याचा दावा असेल, तर त्याच्या शेवटच्या परिच्छेदात संगणक संकेतांक दिलेला असतो. त्या संकेतांकाचे पहिले आठ अंक वर्ष, महिना आणि दिवस दर्शवतात, त्यामुळे कागद कधीचा आहे हे पहिल्याच नजरेत कळते. हाच संकेतांक महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर टाकला, की मूळ प्रत उघडते. ती उघडत नसेल, तर संदेश पुढे पाठवू नये.

मूळ प्रत मिळाल्यावरही काम संपत नाही. तो शासन निर्णय आहे, परिपत्रक आहे की पूर्वीच्या निर्णयाचे शुद्धिपत्रक आहे, हे पाहावे. कारण शुद्धिपत्रकाने एखादी तारीख किंवा अट बदललेली असते आणि जुनी प्रत हाती असलेला मनुष्य चुकीच्या मुदतीवर अवलंबून राहतो. निर्णयाच्या आरंभी ‘वाचा’ या शीर्षकाखाली आधीच्या संदर्भांची यादी असते. ती ओलांडून पुढे जाण्याची सवय आपल्यापैकी पुष्कळांना आहे, परंतु कोणता नियम कोठून आला हे त्या यादीवरूनच उलगडते.

शासकीय कागदांखेरीज जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालय, विभागाच्या सहायक ग्रंथालय संचालकांचे कार्यालय आणि जिल्हा ग्रंथालय संघ ही बातमीची तीन ठिकाणे आहेत. तेथे महिन्यातून एकदा दूरध्वनी करून आगामी वर्ग, कार्यशाळा आणि अधिवेशन यांविषयी विचारावे. मिळालेली माहिती, ती कोणी दिली, मूळ कागद पाहिला की नाही, आणि शेवटची तारीख कोणती, एवढे चार रकाने आवक नोंदवहीच्या शेवटच्या पानांवर आखून घेतले, तर वेगळ्या वहीची गरज पडत नाही आणि सुट्टीवरून परतलेल्या सहकाऱ्यालाही ती माहिती सापडते.

अभ्यासक्रम

ज्यांच्याकडे ग्रंथालयशास्त्राची कोणतीच पात्रता नाही, त्यांनी जिल्हा ग्रंथालय संघामार्फत चालणाऱ्या ग्रंथालयशास्त्राच्या प्रमाणपत्र वर्गापासून आरंभ करावा. शिकवणारे बहुधा त्याच जिल्ह्यातील अनुभवी ग्रंथपाल असतात, आणि पुढे अडचण आली तर ज्यांना विचारता येईल अशी माणसे त्यातून ओळखीची होतात.

पदवीधर असाल, तर ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी हा पुढचा टप्पा होय. नोकरी सांभाळून ती करू इच्छिणाऱ्यांना नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ हे दोन मार्ग उपलब्ध आहेत. दुसऱ्या विद्यापीठाचे प्रवेश साधारणपणे जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतात. इतर कोणत्याही विद्यापीठाने दूरशिक्षणाची जाहिरात केली असेल, तर शुल्क भरण्यापूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या विद्यापीठाचे आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाचे नाव त्या वर्षासाठी आहे काय, हे पाहावे. विद्यापीठ मान्य असणे आणि त्याचा हा अभ्यासक्रम मान्य असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

पदव्युत्तर पदवीचा विचार मात्र दुसऱ्या कसोटीवर करावा. लहान सार्वजनिक ग्रंथालयात तिचा थेट उपयोग कमी आहे. परंतु महाविद्यालयीन ग्रंथपालाच्या पदासाठी किमान ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी आणि सामान्यतः नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) पात्रता परीक्षा उत्तीर्ण असणे लागते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. त्या दिशेने जायचे असेल, तर हा निर्णय तिशीच्या आत घेतलेला बरा, कारण नोकरी, घर आणि अभ्यास यांची सांगड पुढे अधिकाधिक कठीण होत जाते.

टेबलावर बसून शिकण्यासारखे

माझ्या मते बहुतेक सेवकांसाठी सर्वांत लाभदायक विषय म्हणजे मराठी ग्रंथांचे संगणकीय तालिकीकरण. तो शिकण्यासाठी कोठेही जावे लागत नाही. ‘कोहा’ ही ग्रंथालयाचे कामकाज संगणकावर चालवणारी मुक्त स्रोत प्रणाली विनामूल्य आहे. न्यूझीलंडमधील एका ग्रामीण भागाच्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी ती तयार झाली आणि २००० सालच्या जानेवारीत वापरात आली, त्यामुळे देवघेव, सभासद आणि थकबाकी यांची तिची रचना आपल्या कामाशी जुळते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणालीही प्रचलित आहे. प्रणाली कोणतीही असो, शिकायचे असते ते नोंद कशी करावी हे. प्रणाली बदलली तरी नोंदी टिकल्या पाहिजेत, म्हणून मार्क २१ या संगणकीय ग्रंथनोंदीच्या आंतरराष्ट्रीय नमुन्याची तोंडओळख करून घ्यावी. त्यात प्रत्येक माहितीसाठी क्रमांक दिलेला एक रकाना, म्हणजे क्षेत्र असते. क्षेत्र ०२० मध्ये आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), ०८२ मध्ये ड्यूई दशांश वर्गीकरण पद्धतीचा वर्गांक, १०० मध्ये लेखक, २४५ मध्ये शीर्षक आणि कर्तृत्वनिर्देश (लेखक, संपादक, अनुवादक यांचा उल्लेख), २५० मध्ये आवृत्ती, एवढ्या पाच क्षेत्रांवर हात बसला, तरी सामान्य वाचनालयाचे बरेचसे काम निभावते. ड्यूई पद्धतीत मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६ असून त्यापुढे १ जोडल्यास काव्य, २ जोडल्यास नाटक आणि ३ जोडल्यास कथात्म साहित्य येते. आपल्या कपाटांचा मोठा भाग याच तीन अंकांत मावतो.

खरी अडचण मराठीचीच असते आणि प्रशिक्षण वर्गांत तिच्यावर फारसे बोलले जात नाही. शिरवाडकर या नावाने ललित गद्य आणि नाटके, आणि कुसुमाग्रज या नावाने कविता, अशा दोन ठिकाणी एकाच लेखकाची पुस्तके विखुरतात, आणि वाचकाला त्यातील अर्धीच सापडतात. त्यासाठी नावांची प्रमाणित नोंद करावी लागते. निवडलेले रूप तिच्या १०० या क्षेत्रात आणि पर्यायी रूप ४०० मध्ये नोंदवले, म्हणजे कोणत्याही नावाने शोधले तरी वाचक योग्य ठिकाणी पोहोचतो. दुसरी अडचण टंकलेखनाची आहे. जुन्या संगणकांवरील याद्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील, तर त्या नव्या प्रणालीत आणण्यापूर्वी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत. युनिकोडमध्येही सारे आलबेल नसते. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ्य’ दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकता येतो, ‘ॲ’चेही तसेच आहे, डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी दिसतात, पण संगणक त्यांना भिन्न मानतो आणि शोध रिकामा परततो. सर्वांनी एकच कळफलक, शक्यतो भारतीय भाषांसाठीचा प्रमाण इनस्क्रिप्ट, वापरण्याचा नियम केला, तर हा घोटाळा मुळातच टळतो.

यापलीकडे ‘स्वयम्’ या शासकीय मंचावर ग्रंथालय आणि माहितीशास्त्राचे पाठ्यक्रम उपलब्ध असतात. ते विनामूल्य शिकता येतात, शुल्क केवळ प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी द्यावे लागते. आयआयटी खरगपूरने विकसित केलेले भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय स्वतः वापरून पाहावे आणि अभ्यासिकेत बसणाऱ्या विद्यार्थ्यांनाही शिकवावे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा वर्ग आज आपल्या ग्रंथालयांचा नित्याचा वाचक आहे आणि त्याला कोणते साधन कोठे आहे हे सांगता येणे, हेही व्यावसायिक कौशल्यच आहे.

जुन्या ग्रंथांच्या डिजिटायझेशनच्या कार्यशाळेला जाण्यापूर्वी स्वामित्वहक्काचा नियम समजून घ्यावा. भारतात लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क अबाधित राहतो. म्हणजे १९६० साली निधन झालेल्या लेखकाचे लेखन १ जानेवारी २०२१ पासून खुले झाले. हयात लेखकाच्या पुस्तकाची पीडीएफ वाचकांच्या गटावर टाकणे ही वाचनसेवा नव्हे. दृष्टिहीन वाचकांसाठी मात्र कायद्यात वेगळी मुभा आहे, आणि या विषयावरील माराकेश हा आंतरराष्ट्रीय करार २०१४ मध्ये सर्वप्रथम भारतानेच अनुसमर्थित केला होता. ‘सुगम्य पुस्तकालय’ हे त्यासाठीचे डिजिटल भांडार परिचयाचे करून घ्यावे.

अधिवेशने आणि भेटी

जिल्हा संघाचे अधिवेशन, जिल्ह्याचा ग्रंथोत्सव, १२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त होणारे कार्यक्रम, यांत सत्कार आणि भाषणे पुष्कळ असतात. शिकणे घडते ते जेवणाच्या पंगतीत. म्हणून जाताना दोन नेमके प्रश्न लिहून न्यावेत. ठाण्याचे १८९३ सालचे मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा पणजीचे १८३२ पासूनचे मध्यवर्ती ग्रंथालय एकदा अवश्य पाहावे, पण ‘ड’ दर्जाच्या सेवकाला शेजारच्या तालुक्यातील ‘ब’ दर्जाच्या ग्रंथालयात घालवलेली एक सकाळ अधिक देऊन जाते, कारण तेथील जागा, पैसा आणि मनुष्यबळ यांच्या मर्यादा आपल्यासारख्याच असतात.

कार्यकारी मंडळासमोर प्रस्ताव

प्रशिक्षणाला जाण्याची परवानगी तोंडी मागू नये. एका पानाचा अर्ज द्यावा आणि त्यात वर्गाचा विषय, आयोजक, दिनांक, शुल्क व प्रवासखर्च, त्या दिवसांत देवघेव कोण पाहील याची व्यवस्था, आणि परतल्यावर कोणते काम हाती घेणार, हे लिहावे. तपासणी अहवालातील एखाद्या शेऱ्याशी तो विषय जोडता आला, तर मंडळाला नाकारणे अवघड जाते. परवानगी ठरावाने घ्यावी, म्हणजे खर्चाच्या लेखापरीक्षणात प्रश्न निघत नाही. तालुक्यातील चार-पाच ग्रंथालयांना एकच विषय हवा असेल, तर वर्ग आपल्याकडेच भरवण्याचा विचार करावा. कोलकाता येथील राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून कार्यरत असून त्याच्या समतुल्य निधीच्या (राज्य आणि प्रतिष्ठान दोघांच्या वाट्यातून चालणाऱ्या) योजनांत कार्यशाळा व चर्चासत्रांसाठी साहाय्याची तरतूद आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रंथालय अभियानातही कौशल्यवृद्धी हा एक घटक ठेवला आहे. असे प्रस्ताव राज्याच्या ग्रंथालय संचालनालयामार्फत जातात, म्हणून मुदत आणि चालू नमुना अर्ज यांची चौकशी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे आधी करावी, आणि मंडळाच्या ठरावाची प्रत पहिल्याच वेळी जोडावी.