सेडम पावसात कुजतंय? आधी कुंडी उचलून बघा

सेडम हे जाड, रसाळ पानांचं छोटं झाड पाण्यावाचून सहसा मरत नाही, पाण्यानेच मरतं, आणि तेही आपण लाडाने घातलेल्या. म्हणून ढग जमायला लागले की पहिलं काम म्हणजे कुंडी उचलून खालची भोकं बघा, मुळांनी किंवा चिखलाने बुजली असतील तर काडीने मोकळी करा आणि खालची ताटली काढूनच टाका.

हे आपल्या पानफुटीच्याच कुळातलं झाड. पाणी पानात साठवतं, पानांची छिद्रं दिवसा बंद ठेवून रात्री उघडतं, त्यामुळे उन्हात ओलावा फारसा उडत नाही. मग रोज पाणी कशाला? बोट दोन पेरं मातीत घाला, आत कोरडं लागलं तरच द्या, आणि पावसाळी हवेत तर आठ-दहा दिवस नाही दिलं तरी काही बिघडत नाही.

माझं लोंबणारं सेडम मी पावसापासून वाचवायला म्हणून पत्र्याखाली टांगलं आणि नेमकी पागोळी त्याच्यावरच पडत होती, चार दिवसांनी हात लावला तर पानं टपाटप गळली. खालची पानं पिवळी, काचेसारखी पारदर्शक झाली आणि बुंधा काळा, मऊ लागला की समजायचं मुळं गेली. पानं नुसती सुरकुतली असतील आणि माती कोरडी असेल तर ती तहान आहे, त्याला पाणी द्या. माती ओली असून सुरकुतली तर मात्र मुळं बघा.

कुजलेलं असेल तर वरचा चांगला शेंडा कापा, कापलेल्या जागी आत तपकिरी ठिपका दिसला तर अजून वर कापा, स्वच्छ रंग दिसेपर्यंत. मग 2-3 दिवस सावलीत तसंच पडू द्या, जखम सुकली की जेमतेम ओलसर मातीत खोचा.

माती म्हणाल तर अर्धी बागेची, अर्धी जाड वाळू किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे हलके खडे), मूठभर गांडूळखत, बस. नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, नको, ओल धरून बसतं. युरिया तर नकोच, झाड पोकळ वाढून आडवं पडतं. जमिनीत लावायचं तर वीतभर उंचवटा करा.

पावसापासून आडोसा द्या पण अंधारात नको, उजेड कमी पडला की काड्या लांबुळक्या होतात. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर ती मिलीबग नावाची कीड, इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून टिपून घ्या आणि ती कुंडी आठवडाभर बाकीच्यांपासून लांब ठेवा.