हंगामाआधी कामगारांना सूचना कशा लिहाव्यात: शिवरायांच्या एका पत्रावरून

दिवाळीच्या तोंडावर फराळाच्या कारखान्यांत भिंतीवर कागद लागतो: ‘माल जपून वापरा, आगीपासून सावध राहा.’ दोन दिवसांत त्याकडे कोणी पाहत नाही. 1674 च्या राज्याभिषेकाच्या आसपास शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार (घोडदळाचे अंमलदार) आणि कारकुनांना पत्र लिहिले, तेही साठा जपण्याबद्दल आणि आगीबद्दलच होते. पण ते कसे लिहिले आहे, हे धंदेवाल्यांनी जरूर पाहावे.

सुरुवात मोजणीने करा. पावसाळ्यासाठी ठेवलेला दाणा आणि इतर सामान लष्कराच्या मुक्कामातच बरेचसे संपले होते. गडोगडीचा गल्ला (धान्य) देववून पागेची, म्हणजे लष्करी घोड्यांची, बेगमी (साठ्याची तजवीज) जेमतेम केली आहे, हे महाराजांनी स्पष्ट लिहिले. तुमच्याकडे बेसन दहा दिवसांचे असेल तर दहाच दिवसांचे आहे असे लिहा. टंचाई लपवली की माणसे हात सैल सोडतात.

मग परिणाम सांगा, अगदी शेवटच्या टोकापर्यंत. आहे तोवर घोड्यांना मनसोक्त चाराल, मग भर पावसात काही मिळणार नाही, उपास पडतील, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. इतके थेट! ‘अपव्यय टाळावा’ या दोन शब्दांत ते बळ नाही. तुम्हीही लिहा: पहिल्या आठवड्यात तेल सांडले, तर धनत्रयोदशीला कढई बंद आणि घेतलेल्या ऑर्डरी परत.

साठा संपला की त्याची झळ बाहेरच्यांना बसते, तेही लिहा. शिपाई कुणब्यांच्या घरचे दाणे, भाकरी, गवत, भाजी उचलू लागले, तर जीव धरून राहिलेली रयतही गाव सोडेल, त्यांना तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल, असे पत्रात आहे. तुमची रयत म्हणजे उधारीवर माल देणारा किराणावाला आणि आगाऊ पैसे भरलेले गिऱ्हाईक.

आता सगळ्यात महत्त्वाचे: धोका डोळ्यांना दिसेल असा सांगा. पत्रात चुली आहेत, तंबाखूसाठी घेतलेला विस्तव आहे, आणि रात्री घरातल्या दिव्याची वात पळवणारा उंदीरही आहे. छावणीतल्या घरांचा एक खण (भाग) पेटला की सगळे खण जातील, मग पुन्हा बांधायला लाकूडसुद्धा मिळणार नाही. राज्य उभे करणारा राजा उंदराचा विचार करतो, हे वाचून मी दर वेळी थक्क होतो. म्हणून लिहिण्याआधी रात्री एकदा कारखान्यात फिरा. पुठ्ठ्याच्या खोक्यांशेजारची उदबत्ती, शेगडीजवळ टांगलेले फडके, सिलिंडरची जुनी नळी यांची नावे घेऊन लिहा.

शेवटी, मागायचे कोणाकडे ते ठरवून द्या. कारकून वेळच्या वेळी देतील ते घ्यावे, अशी सोय पत्रात आहे. तुमच्याकडेही गोदामाची किल्ली एकाच माणसाकडे असू द्या. कागद मात्र नुसता चिकटवू नका. पाळी सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर वाचा, आणि भट्टीवरच्या माणसाने दुरुस्ती सुचवली तर तिथेच पेनाने करा.