रि-व्होल्ट शिकायचा असेल तर शस्त्रं आधी बंद करा

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता. अकरा वर्षांचा. त्याच्या लॅपटॉपवर मी रि-व्होल्ट हा शर्यतीचा गेम टाकून दिला, १९९९ साली अक्लेम कंपनीने काढलेला. मी आणि त्याचे बाबा, म्हणजे माझा धाकटा भाऊ, इचलकरंजीच्या घरी एकाच कॉम्प्युटरवर पाळीपाळीने खेळायचो तोच गेम. रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्या, त्यांच्यावर शस्त्रं, आणि त्यांच्या उंचीवरून दिसणारं माणसांचं जग. फूटपाथची कड तिथे भिंतीएवढी वाटते.

भाच्याने थेट चॅम्पियनशिप उघडली, आठांत आठवा आला आणि म्हणाला, "आत्या, ही गाडी नुसती घसरते गं." घसरते हे खरंच आहे. हातभर लांबीची हलकी गाडी तेवढ्या वेगात वळवली तर घसरणारच, आणि हा गेम ते फार प्रामाणिकपणे दाखवतो. म्हणून कोणता मोड, म्हणजे खेळण्याचा प्रकार, कधी खेळायचा याला महत्त्व आहे. त्याला शिकवलं तसंच इथे लिहिते.

आधी चालवायचा कशावर ते सांगते. जुनी सीडी असेल तर जपून ठेवा, पण आजच्या मशीनवर आरव्हीजीएल वापरा. चाहत्यांनी नव्याने लिहून काढलेलं हे इंजिन विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइडवरही चालतं. सेटिंग्जमध्ये दोन बटणं आधी शोधून ठेवा: एक उलटलेली गाडी सरळ करणारं, दुसरं भरकटलेली गाडी रस्त्यावर आणून ठेवणारं. पहिल्या दिवशी यांच्यावाचून चालत नाही. चालवण्याच्या पद्धतींत ज्युनिअर आरसी सोपी आहे, अगदी लहान मूल असेल तर ती द्या. बाकीच्यांनी सिम्युलेशनच घ्यावी. सुरुवातीला जड जाते, पण एकदा हात बसला की दुसरी नकोशी होते.

सुरुवात प्रॅक्टिसने करा. इथे दुसरी गाडी नाही, कुणी मागे लागलेलं नाही. गाडी आरसी बँडिट घ्या, ती कुठल्याच बाबतीत टोकाची नाही. ट्रॅक टॉइज इन द हूड १. गल्ली, अंगणं, मध्येच एका घरातून जाणारी वाट. प्रत्येक ट्रॅकवर एक तारा लपवलेला असतो, तो शोधण्याच्या निमित्ताने कानाकोपरा पायाखालचा होतो. तारा सापडेपर्यंत जिंकायचं नाव काढू नका.

वळण कसं घ्यायचं ते नीट सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. नवखा माणूस बाणाचं बटण दाबून धरतो. तसं केलं की पुढची चाकं पूर्ण वळतात, मागचा भाग सुटतो आणि गाडी गोल फिरते. बटण टकटक दाबायचं, दोनदा-तीनदा, हलकेच. वळणाच्या आधी वेगाचं बटण सोडायचं, वळणात ब्रेक अजिबात मारायचा नाही, आणि गाडीचं तोंड वळणातून बाहेर पडण्याच्या दिशेला लागलं की पुन्हा वेग द्यायचा. सुपरमार्केट नावाच्या ट्रॅकवर बर्फाची फरशी लागते, तिथे याची परीक्षा होते. बर्फावर चढण्याआधीच गाडी सरळ करून घ्या. एकदा वर गेलात की बटणाला हात लावू नका, तिला आपल्या वेगाने वाहत जाऊ द्या. भाच्याने तिथे दोन संध्याकाळी घालवल्या. तिसऱ्या दिवशी तो तिथून गेला तेव्हा गाडीची अँटेनासुद्धा हलली नाही.

मग टाइम ट्रायल. तिथे घड्याळाशी स्पर्धा. थोडा खेळा, एकाच ट्रॅकवर सलग तीन फेऱ्या न धडकता निघाल्या की पुढे जा.

त्यानंतर सिंगल रेस. तिथे फेऱ्या किती आणि पिकअप, म्हणजे रस्त्यावर मिळणारी शस्त्रं, चालू की बंद हे आपण ठरवतो. पहिल्या आठवड्यात पिकअप बंद ठेवा. इतर सात गाड्यांच्या गर्दीत शिरणं, मागून धक्का बसला तर सावरणं, हे शस्त्रांच्या धुमाकुळात शिकताच येत नाही. आम्ही दोघं भाऊ-बहीण उलट्या टोकाने गेलो होतो. कुणीतरी सांगितलं म्हणून खेळाडूचं नाव 'ट्रॅकर' टाकून सगळे ट्रॅक एकदम उघडले, आणि पुढचे अवघड ट्रॅक बघून इतके हिरमुसलो की महिनाभर गेम उघडला नाही. ते करू नका. एकेक ट्रॅक कमावून उघडण्यात फार मजा आहे.

आता शस्त्रं. विजेच्या चिन्हावरून गाडी नेली की एक शस्त्र मिळतं, कोणतं ते आपल्या हातात नाही. वापरायचं कधी, ते मात्र आपल्या हातात आहे. फटाक्याचा बाण समोरच्या गाडीचा माग काढतो, पण वळणावर सोडला तर भिंतीवर जातो. सरळ पट्टा येईपर्यंत थांबा. पाण्याचे फुगे जवळून मारा. तेल रुंद रस्त्यावर सांडून उपयोग नाही, दारातून किंवा अरुंद बोळातून बाहेर पडताना सांडा, मागच्याला बगल द्यायला जागाच उरत नाही. इलेक्ट्रो पल्स असेल तर गाड्यांच्या घोळक्यात घुसा. जिला विजेचा स्पर्श होईल तिची मोटर काही क्षण बंद पडते. बॉम्ब आपल्याला चिकटला तर घाबरून पळू नका, समोरच्या गाडीला धडका आणि तिच्या माथी मारा. आणि रस्त्याच्या मधोमध एकटंच पडलेलं विजेचं चिन्ह दिसलं, जे मागच्या फेरीत तिथे नव्हतं, तर त्याला हात लावू नका. हुबेहूब पिकअपसारखा दिसणारा तो सापळा असतो, जवळ गेलं की फुटतो. प्रॅक्टिसमध्ये ट्रॅक पाठ केलेला असला की हे चटकन लक्षात येतं.

एवढं झालं की चॅम्पियनशिप. ब्राँझ कपपासून सुरुवात, पुढे सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. प्रत्येक शर्यतीत पहिल्या तिघांत यावं लागतं, नाही आलात तर ती शर्यत पुन्हा. अशा संधी मोजक्याच, म्हणून त्या शेवटच्या ट्रॅकसाठी राखा. ब्राँझमधलं बोटॅनिकल गार्डन अनेकांना अडवतं. तिथे जिंकायची हाव न धरता तिसरा क्रमांक सांभाळा.

स्टंट अरीना अधूनमधून खेळा. रॅम्पवरून उड्या मारत वीस तारे गोळा करायचे. उडी मारताना वेगापेक्षा गाडी सरळ असणं महत्त्वाचं, एवढं कळलं की निम्मे तारे सहज मिळतात.

आणि मग माणसांबरोबर. पीसीवर आठ जण एकत्र खेळू शकतात. भावाने पुढे स्वतःचा कॉम्प्युटर घेतला तेव्हा आम्ही दोन मशीन एका क्रॉसओव्हर केबलने जोडून रात्र रात्र खेळलो. आता वायफायवर होतं. सगळ्यांनी एकच गाडी घ्या म्हणजे भांडण उरत नाही. पहिली शर्यत पिकअप बंद ठेवून, दुसरी चालू ठेवून. भाऊबीजेला आम्ही तिघं बसलो होतो, भाऊ शेवटच्या फेरीपर्यंत पुढे. ट्रॅकवरच्या घरातून गल्लीत उतरणाऱ्या दारात भाच्याने तेल सांडलं. बाबांची गाडी आडवी झाली, मागून मी तिच्यावर आदळले, आणि तो एकटाच पुढे निघून गेला.