जास्त रनिंगची जुनी गाडी: मिरगाआधी या चुका टाळा

गडहिंग्लजहून मी एमएच ०९ पासिंगची २०११ ची डिझेल गाडी घेतली, तेव्हा मीटरवर १ लाख ४२ हजार किलोमीटर होते. बेळगावात आणल्यावर पहिल्याच आठवड्यात सीट कव्हर, नवे स्पीकर आणि पॉलिश यांवर पैसे गेले. इंजिन ऐकायला गोड होतं, म्हणून बॉनेट उघडलंच नाही. तिसऱ्या महिन्यात गोव्याहून परतताना केरी मागे टाकून चोर्ला घाटाची चढण लागली आणि टेम्परेचरचा काटा वर सरकू लागला. मागच्या सीटवर आई बसली होती. एसी बंद केला, हिटर पूर्ण सोडला आणि गाडी वळणाच्या बाहेर घेऊन थांबवली. त्या दिवशी वाचलो. पण त्यानंतर जी चूक केली, ती जास्त महागात पडली.

दुखणं सोडून लक्षणावर इलाज

गॅरेजमध्ये सल्ला मिळाला, "थर्मोस्टॅट काढून टाकू, कटकटच नको." दहा मिनिटांत काम झालं, काटा खाली आला, मी खूश. हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधलं दार. इंजिन गार असताना ते बंद राहतं, म्हणून इंजिन लवकर तापतं. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान ते उघडतं आणि कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, रेडिएटरकडे जाऊ लागतं. दारच काढलं की कूलंट सकाळपासून रेडिएटरमधून फिरत राहतं. डिसेंबरच्या थंडीत माझ्या गाडीचा काटा निम्म्यापर्यंतही जाईना. इंजिन गारच आहे असं सेन्सर सांगत राहतो, म्हणून इंजिनाचा कॉम्प्युटर जास्त इंधन सोडतो आणि ॲव्हरेज पडतं. इंजिन ऑईल पुरेसं तापत नाही, त्यातली वाफ आणि इंधनाचा अंश उडून जात नाही, आणि सिलिंडरची झीज वाढते. मूळ दुखणं तर तसंच राहतं.

माझ्या गाडीचं मूळ दुखणं रेडिएटरमध्ये होतं. आधी कधीतरी त्यात बोअरचं पाणी भरलेलं होतं. चहाच्या भांड्याला आतून पांढरा थर धरतो, तसा क्षार नळ्यांमध्ये बसला होता. थंडी सरून एप्रिल आला आणि गाडी पुन्हा तापली. या वेळी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील, गेलं. हेड उतरवून उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवावं लागलं. आधीच रेडिएटर बदलला असता तर त्याच्या कितीतरी पट कमी खर्चात काम झालं असतं.

म्हणून गाडी तापली की शोध स्वस्तातून महागाकडे न्या. इंजिन पूर्ण गार झाल्यावर कूलंटची पातळी बघा. रेडिएटरचं झाकण दाब धरतं का? होज पाईप फुगलेत का, दाबल्यावर कडक किंवा चिकट लागतात का? फॅन वेळेवर सुरू होतो का? रेडिएटरच्या पत्र्यांमध्ये किडे, चिखल, उसाचं पाचट अडकलंय का? मग वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅट तपासायला गरम पाण्याचं पातेलं आणि थर्मामीटर पुरतो, ठरलेल्या तापमानाला तो उघडताना डोळ्यांनी दिसतो. बिघडला असेल तर नवा बसवा, जागा रिकामी ठेवू नका. कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे, इंजिन तापल्यावरही पांढरा धूर, किंवा ऑईलच्या झाकणाखाली ताकासारखा थर दिसला तर गॅस्केटचा संशय घ्या आणि गाडी चालवत नेऊ नका, ओढून न्या.

विकत आणलेलं कूलंट घट्ट (कॉन्सन्ट्रेट) असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं मिसळायचं. दोन वेगळ्या प्रकारची कूलंट एकत्र करू नका. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण कितीही घाई असली तरी उघडू नका. आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं, हात आणि तोंड भाजतं.

मीटरवर विश्वास ठेवून हिशोब मांडणं

मीटर मागे फिरवता येतो. सर्व्हिसच्या पावत्या नसतील तर काहीच झालेलं नाही असं धरून सुरुवात करा. इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑईल, गिअर ऑईल हे सगळं घेतल्या-घेतल्या बदला आणि वहीत तारीख व किलोमीटर लिहा. गाडीची खरी पत्रिका त्या दिवसापासून सुरू होते.

यात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: तुमच्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल जुळवणारा टायमिंग बेल्ट आहे की चेन? एकाच कंपनीच्या दोन इंजिनांत उत्तर वेगळं असू शकतं. जुन्या सँट्रोला बेल्ट आहे, स्विफ्टच्या १.३ लिटर डिझेलला चेन. बेल्ट रबराचा असतो, म्हणून किलोमीटर कमी झाले तरी वर्षं मोजावी लागतात. मुदत मॅन्युअलमध्ये दिलेली असते. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि अर्धं इंजिन उघडावं लागतं. बेल्ट बदलताना तो ताणून धरणारा टेन्शनर बदलून घ्या, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोही. खोलायची मजुरी एकदाच लागते. चेनला ठरलेली मुदत बहुधा नसते, पण ती ऑईलवर जगते. सकाळी पहिल्या स्टार्टला खडखड येत असेल तर दुर्लक्ष करू नका.

पॅड बदलले म्हणजे ब्रेक झाले, असं समजणं

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं डॉट ४ प्रतीचं ऑईल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरलेलं असेल तर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. कणकुंबीसारख्या पावसाच्या पट्ट्यातून जाऊन चोर्ल्याची उतरण सलग ब्रेकवर केली, की चाकाजवळची उष्णता ऑईलपर्यंत पोचते, ऑईलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जातं. तेव्हा पॅड नवे असून उपयोग नसतो. आंबोली आणि अनमोड घाटांनाही हेच लागू. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑईल बदला आणि उतार दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. पॅड बदलताना कॅलिपरच्या (पॅड दाबून धरणाऱ्या भागाच्या) पिना साफ करून ग्रीस लावायला मेस्त्रीला आवर्जून सांगा. पिना जाम झाल्या की एकच पॅड झिजतो आणि गाडी एका बाजूला ओढते.

टायरही असाच फसवतो. नक्षी भरपूर दिसते, पण रबर जुनं असतं. बाजूच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष लिहिलेलं असतं, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षीची खोली १.६ मिलीमीटरवर आली की टायर संपला. पण पावसात त्याच्या बऱ्याच आधी पकड कमी होते, म्हणून मी मे महिन्यातच निर्णय घेतो.

सगळे आवाज एकदम काढायचा हट्ट

ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेल्या निपाणी-चिकोडी भागातल्या रस्त्यांवर सस्पेन्शनमधले लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश (रबरी तुकडे) लवकर जातात. आधी कोणता भाग ढिला आहे ते गाडी वर उचलून, हाताने हलवून दाखवायला सांगा. लिंक रॉडचा टकटक आवाज त्रासदायक असतो, पण पंधरा दिवस थांबू शकतो. चाक धरून ठेवणारा बॉल जॉइंट थांबू शकत नाही, कारण तो सुटला की चाक निखळतं. खालचे भाग बदलल्यावर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करा, नाहीतर नवे टायर एका कडेने खाल्ले जातात.

माझ्या वहीत आता तीन रकाने आहेत. पहिल्यात थांबणं आणि वळणं: ब्रेक, टायर, स्टिअरिंग, बॉल जॉइंट. यात उधारी नाही. दुसऱ्यात रस्त्यात अडकवणाऱ्या गोष्टी: कूलंट, बेल्ट, बॅटरी, क्लच. तिसऱ्यात एसीचा गारवा, दारांची करकर, रंग. महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला काढतो आणि ती पहिल्या रकान्यापासून खर्च होते. स्पीकर पुन्हा घ्यायचे झाले तर तिसरा रकाना रिकामा झाल्यावर.

पेट्रोल गाडी असेल तर एक जास्तीचं काम. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाईप आणि सील त्यासाठी बनवलेले नव्हते. पेट्रोलचा वास आला, पाईपला भेगा दिसल्या तर लगेच बदला. त्यात आगीचा धोका आहे.

कागद उद्यावर टाकणं

सीमेपलीकडची गाडी घेताना ही चूक फार जण करतात. एमएच किंवा जीए पासिंगची गाडी कर्नाटकात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर केए नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, आणि नावावर करायला फॉर्म २९ व ३० लागतात. वर इथला रोड टॅक्स. हा सगळा आकडा गाडीच्या किमतीत धरूनच सौदा करा. आरसीवरची तारीखही बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी वाढते. १ एप्रिल २०२२ पासून कारच्या या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० वर गेली. तेरा-चौदा वर्षांच्या गाडीवर मोठा खर्च करण्याआधी पत्रा खालून तपासा. खानापूर भागातला तांबडा चिखल दारांच्या खालच्या भोकांत बसतो, पाणी साचतं आणि गंज आतून चढतो. इंजिन दुरुस्त होतं, पण सडलेल्या पत्र्याला पैसा पुरत नाही.

गॅरेजला गाडी ऐन पावसात नेणं

मिरग लागला की आधी वायपर, मग ब्रेक, मग बॅटरी अशी सगळ्यांची कामं एकदम निघतात. मेस्त्रीला वेळ नसतो, पार्ट मिळत नाही, मग मिळेल तो बसवला जातो. मी मेच्या पहिल्या पंधरवड्यात गाडी नेतो आणि दिवाळीनंतर दुसऱ्यांदा. मेमध्ये ब्रेक, टायर, वायपर, दिवे आणि दारांखालची भोकं. दिवाळीनंतर गाडी खालून धुऊन गंज, बुश आणि अलाइनमेंट.

मेस्त्रीकडे जाताना "गाडी जरा बघा" एवढंच सांगू नका. आवाज गार इंजिनावर येतो की तापल्यावर, ब्रेक दाबताना की वळताना, चढावर की खड्ड्यात, हे लिहून न्या. काढलेला जुना पार्ट मागून घ्या आणि नवा बसण्याआधी त्याचं खोकं बघा. माझे आत्ताचे मेस्त्री शहापुरात आहेत. पहिल्या भेटीत त्यांनी वही उघडून दोन पानं वाचली आणि म्हणाले, "काका, थर्मोस्टॅटची जागा रिकामी आहे, आधी तो घालूया." त्यांनी गाडीला अजून हातही लावला नव्हता.